पीपीच्या आधीचे दोन तास

सकाळी साडेसातला लॅबच्या बाकड्यावर जमणारी माणसं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्याने ओळखतात. ‘मागल्या खेपेला एकशे नव्वद होती, आता बघू,’ असं कुणीतरी सुरू करतं आणि सगळे बोलते होतात. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं, कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खाऊन झाली, की ‘पीपी’साठी पुन्हा येऊन बसायचं. खाल्ल्यापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा टोचतात. मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली, म्हणजे असे बरेच दोन तास मी त्या बाकड्यावर काढले आहेत. डॉक्टरांच्या खोलीत सगळेच पथ्याचे पक्के असतात. खरं बोलणं होतं ते बाहेर, बाकड्यावर.

मागे एकदा शेजारी बसलेले आजोबा भलतेच खुशीत होते. पाच दिवस भाताला हात लावला नव्हता, चहा बिनसाखरेचा, रोज तासभर चालणं. ‘आज नापास व्हायचा प्रश्नच नाही,’ म्हणाले. मग चिठ्ठी उलगडून त्यांनी विचारलं, ‘हे एचबीए-वन-सी काय असतं हो?’ मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत जाते, आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळे शंभरातल्या किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं, की मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब हाती येतो. तेहरानमधल्या सॅम्युअल रहबार या संशोधकाला १९६८च्या सुमारास मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त दिसलं आणि पुढे त्याची तपासणी झाली. पाच दिवसांचं सोवळं तिच्यापुढे टिकत नाही. (एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं काही दुर्मीळ नाही.)

त्या आजोबांचा ‘नापास’ हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. ताप मोजताना कुणी नापास होत नाही. मोतीबिंदू झालेल्या माणसाला कुणी ‘असं कसं केलंत?’ विचारत नाही. मधुमेहाची भाषाच मुळात शाळेची आणि पोलिसचौकीची: पथ्य मोडलं, चोरून खाल्लं, पकडले गेले, डॉक्टर ओरडले. आणि दुसरीकडे ‘साखरेचं खाणार त्याला देव देणार’ म्हणणारी भाषाही आपलीच. पेढा हातावर ठेवणारी आत्या आणि तो खाल्ला म्हणून रागावणारी आत्या बहुतेक वेळा एकच असते.

हा आजार खाण्याच्या पापाची शिक्षा आहे ही समजूत किती तोकडी आहे, हे पुण्यातच नीट तपासून झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाच्या आधीपासून त्यांचं खाणं, वजन, कष्ट यांच्या नोंदी ठेवल्या, आणि मग त्यांची बाळं मोजली. ती सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण बारकाईने मोजल्यावर दिसलं, की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक पण चरबीचं बाळ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला तो याच संदर्भात. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे, आतून वेगळे. ज्या आईला गरोदरपणी पुरेसं अन्न मिळालं नाही तिच्या मुलाच्या शरीराने जन्माआधीच काटकसर शिकून घेतली होती. पुढे शहरात नोकरी लागली, बसून काम आलं, दोन वेळा पोटभर भात आला, आणि ती काटकसर अंगाशी आली. यात लाडवाचा दोष किती आणि दुष्काळाचा किती, हे कुठल्याच लॅबच्या कागदावर छापून येत नाही.

आणि माणसं थोडी नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३मध्ये आला. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळ्या राज्यांत सर्वांत वरचा आकडा गोव्याचा निघाला: प्रौढांपैकी २६.४ टक्के. म्हणजे चार माणसं जेवायला बसली की त्यांतलं एक.

आता आकड्याची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. साखर आटोक्यात ठेवल्याने खरंच काही वाचतं का, यावर डॉक्टरांमध्येच कित्येक वर्षं वाद होता. तो १९९३मध्ये अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या अभ्यासाने टाइप-१साठी मिटवला. १,४४१ तरुण रुग्णांपैकी ज्यांनी साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळ्यांचा पडदा खराब होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. टाइप-२साठी तेच काम ब्रिटनच्या यूकेपीडीएसने केलं. पाच हजारांहून अधिक नवे रुग्ण, वीस वर्षांचं काम, १९९८मध्ये निकाल. एका गटाचं एचबीए-वन-सी सरासरी ७, दुसऱ्याचं ७.९. फरक एका टक्क्याहूनही कमी, पण डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान चौथा हिस्सा घटलं. तेव्हा ‘आकड्यात काय आहे?’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

पण मग कुणालाही वाटेल, सातने एवढं भलं होतं तर सहाने किती होईल? हे अमेरिकेत करून पाहिलं गेलं. अ‍ॅकॉर्ड नावाच्या अभ्यासात दहा हजारांवर, साठीच्या आसपासचे, हृदयविकाराचा धोका असलेले रुग्ण होते. अर्ध्यांची साखर औषधांच्या जोरावर सहाच्या खाली आणायची असं ठरलं. फेब्रुवारी २००८मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण कडक गटात मृत्यू जास्त होत होते. तेव्हापासून जाणते डॉक्टर सगळ्यांना एकच माप लावत नाहीत. तिशीतल्या माणसाने साडेसहाच्या मागे लागावं. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, दोनदा चक्कर येऊन पडलेल्या आजींना आठसुद्धा चालतं. मला ही या सगळ्या विषयातली सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट वाटते. तुमचा आकडा किती हवा, हे तुमचं वय, तुमचे इतर आजार आणि घरी सोबत कोण आहे यावर ठरतं, आणि तो ठरवताना तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे.

यूकेपीडीएसच्याच लोकांनी पुढच्या वर्षी आणखी एक निष्कर्ष छापला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी रुग्णांना त्यांच्या जगण्याबद्दल विचारलं होतं: मन कसं असतं, कामात समाधान आहे का, चिंता किती. कडक उपचारांनी जगण्याची प्रत खालावलेली दिसली नाही. ती खालावली होती गुंतागुंत झालेल्यांची. आणि इन्सुलिन घेणाऱ्या ज्या माणसांची साखर वरचेवर एकदम उतरायची, त्यांच्यात ताण जास्त होता. उलट शिकागोच्या संशोधकांनी २००७मध्ये सातशे मधुमेहींशी बोलून काढलेलं चित्र वेगळं होतं. रोजच्या गोळ्या, सुया, मोजमाप, पथ्य असा सगळा उपचार मिळून लोकांना जो भार वाटत होता, तो छातीत दुखण्याच्या किंवा पायाच्या नसा खराब होण्याच्या भाराशी तुलना करावा इतका होता. मला यात विरोधाभास दिसत नाही. पहिल्या अभ्यासात माणसांना पथकाची सोबत होती, वेळेवर विचारपूस होती. आपण बहुतेक जण हा संसार एकट्याने करतो.

या भाराला इंग्रजी वैद्यकात आता स्वतंत्र नाव आहे: ‘डायबिटीस डिस्ट्रेस’. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की यांनी १९९५मध्ये वीस प्रश्नांची एक यादी तयार केली. तुम्हाला जेवताना अपराधी वाटतं का? घरचे समजून घेतात का? रोजच्या या कटकटीने जीव मेटाकुटीला आलाय का? अशा धर्तीचे ते प्रश्न. नैराश्य हा वेगळा आजार. तोही मधुमेहींमध्ये इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतो. पण हा थकवा नैराश्याचा नाही, हा राबून आलेला थकवा आहे. रविवार नसलेली नोकरी केल्यासारखा. पोलोन्स्की यांचा आणखी एक शब्द माझ्या आवडीचा आहे: मधुमेह पोलीस. लग्नाच्या पंगतीत तुमच्या पानाकडे पाहत ‘अहो, तुम्हाला चालतं का हे?’ म्हणणारे सगळे त्या खात्यातले.

घरात हा आजार कुणाला होतो यावरही बरंच ठरतं, आणि हे मी त्या बाकड्यावरच शिकलो. पुरुषाला मधुमेह झाला की घराचं स्वयंपाकघर बदलतं. ज्वारीची भाकरी परत येते, मोड आलेली उसळ रोजची होते, डब्यात काकडी जाते. बाईला झाला तर? बाजूला बसलेल्या एक काकू सांगत होत्या, ‘गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची सांगितलीय. पण माझं जेवण कधी होणार हे मला तरी कुठे ठाऊक असतं?’ सगळ्यांचं आटोपल्यावर, उरलेला भात संपवायला म्हणून त्या जेवतात. नवऱ्यासाठी वेगळं, सासूबाईंसाठी मऊ, मुलांसाठी आणखी काही, आणि स्वतःसाठी जे राहील ते. त्यांना दिलेला आहाराचा छापील तक्ता फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला आहे म्हणे. तो तक्ता देणाऱ्याने, या घरात शेवटी कोण जेवतं, एवढाच प्रश्न विचारला असता तर गोळीची वेळ वेगळी लागली असती.

गोळी आणि जेवण यांची चुकामूक झाली तर काय होतं, हे प्रत्येक घरात माहीत हवं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही जेवणाची वाट पाहत नाहीत. साखर ७०च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस चिडचिडा किंवा असंबद्ध होतो. अशा वेळी तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पेढा किंवा बर्फी द्यायची नाही; त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ही भीती सहसा नसते. त्यामुळे आपल्या गोळीचं नाव पाठ असणं ही चैन नव्हे.

उपासाच्या दिवशी हे सगळं उलटंपालटं होतं. एकादशीला सकाळची गोळी घेऊन दुपारपर्यंत काही न खाणारा माणूस आधी खाली घसरतो, आणि मग साबुदाण्याच्या खिचडीने वर उडतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहींसाठी केलेली नाही, पण लागू पडते. उपास सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, कारण श्रद्धेचं समाधान हाही जगण्याच्या प्रतीचाच भाग. उपासाआधी डॉक्टरांना विचारून गोळीचं प्रमाण बदलून घ्यावं, आणि खिचडीऐवजी राजगिरा, दाणे, ताक, दही यांच्याकडे वळावं. माझ्या आईची नवरात्रं अशी निभावली.

इन्सुलिनबद्दल बाकड्यावर दबक्या आवाजात बोलतात. ‘त्यांना आता सुई लागली’ हे वाक्य ‘आता काही खरं नाही’ याच सुरात येतं. यूकेपीडीएसमध्ये दिसलं होतं, की निदान होतं त्याच दिवशी स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करायची ताकद निम्म्यावर आलेली असते, आणि पुढेही ती ओसरत राहते. दहा-बारा वर्षांनी कुणाला बाहेरून इन्सुलिन लागलं तर तो आजाराचा ठरलेला उतार असतो, रुग्णाची वागणूक त्याला कारण असेलच असं नाही. ‘नीट राहिला नाहीत तर इन्सुलिन सुरू करावं लागेल’ असा धाक घालणाऱ्यांनी या औषधाचं फार नुकसान केलं आहे. फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नको म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानांचा अभ्यास करून २०२१मध्ये दाखवलं, की २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद फ्रिजमधल्याइतकीच राहते. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात किंवा ओल्या वाळूत ठेवलेला छोटा माठ विदर्भाच्या उन्हाळ्यातही बरंच काम भागवतो. बर्फात मात्र ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आता पायांबद्दल, आणि इथे थोडं थांबावं लागेल.

पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९१४मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. कुष्ठरोगात बोटं सडून झडतात, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती. ब्रँड यांनी रुग्णांच्या हातापायांवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. कुणी उकळत्या भांड्याला हात लावत होतं, कुणी रुतलेल्या खिळ्यावरून दिवसभर चालत होतं, आणि कुणालाही दुखत नव्हतं. मांस रोगाने सडत नव्हतं. वेदना नसल्यामुळे माणूस स्वतःला जखम करत होता आणि त्याच जखमेवर उभा राहत होता. पुढे १९६६मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की मधुमेहींच्या पायांची कहाणी हीच आहे. जास्त साखरेने नसा मरतात, आधी सर्वांत लांबच्या, म्हणून तळपायांच्या. आपल्याकडे कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेहींना लिहून दिली जाते, ती या नात्याने.

त्यामुळे ‘पाय दुखत नाहीत ना?’ हा प्रश्न चुकीचा आहे. दुखत नाहीत, हीच तर तक्रार असू शकते. आमच्या बाकड्यावरचे एक जण हसत सांगत होते, ‘बाजारातून घरी आलो तेव्हा कळलं, एक चप्पल वाटेतच राहिली.’ सगळे हसले. मला हसू आलं नाही. चप्पल निसटलेली कळत नाही तो पाय आतून बधिर झालेला असतो. असा पाय गरम पाण्यात बुडवला की भाजतो आणि कळत नाही. कुरूप ब्लेडने तासलं की जखम होते आणि कळत नाही. चैत्रात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली की फोड येतात, आणि ते संध्याकाळी सुनेला दिसतात. वारीला जाणाऱ्या मधुमेह्याने पायांत बंद किंवा मागे पट्टा असलेलं पादत्राण घालून चालावं. विठोबा रागावणार नाही.

बधिरपणा तपासायला यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक दोरा असतो, तो तळव्यावर टेकवून दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. डोळे मिटून बसायचं आणि टोचलं की सांगायचं. दोन मिनिटांचं काम. ते वर्षातून एकदा व्हावं, तसंच डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून एकदा बघावा आणि लघवीतलं अल्ब्युमिन एकदा तपासावं. डोळा आणि मूत्रपिंड हेही बरंच बिघडेपर्यंत गप्प असतात. सरकारी योजनेत तिशीपुढच्या सगळ्यांची साखर तपासायची सोय गावपातळीपर्यंत आली आहे, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. हे मोठं काम आहे. पण गोळी देण्याच्या पुढे जाऊन पाय बघणारं, कोण कधी जेवतं ते विचारणारं माणूस त्या साखळीत अजून बसलेलं नाही. खासगी दवाखान्यात तरी कुठे बसलंय? अकरा वर्षांत माझे पाय तपासले गेले ते दोनदा, आणि दुसऱ्यांदा मीच सांगितलं म्हणून.

दोन तास झाले, की आतून नावाचा पुकारा होतो आणि सगळे बाही वर सारत उठतात. रिपोर्ट संध्याकाळी मिळतो. तो घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा फाईल टेबलावर ठेवायच्या आधी चप्पल काढा, मोजे काढा, आणि म्हणा, ‘आधी पाय बघा.’